ॲल्युमिनियमची अंतःप्रेरणा

सोलापूर,
२१ ऑगस्ट १९७८

प्रिय येडू,

अकरा वर्षांनी तुला पत्र लिहितो आहे आणि तेही कामासाठी. याची लाज वाटायला हवी, पण आत्ता तेवढा वेळ नाही. आपण मावसभाऊ, एका ताटात जेवलेले. तू कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात पॉलिशचे काम धरलेस, मी सोलापुरात मास्तर झालो. मास्तरकी संपली, बोलणे संपले नाही. गेली तीस वर्षे या शहरात श्रमप्रतिष्ठेवर सभा झाली आणि तीत हरिदास मास्तर बोलला नाही, असे एकदाही घडलेले नाही.

पंधरा ऑगस्टला गॅरेज कामगारांपुढे मी सव्वा तास बोललो. "ज्या हातांना घट्टे नाहीत, त्या हातांनी भाकरीला शिवू नये!" असे म्हणालो. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर पुढच्या रांगेतला सिद्धनाथ मेस्त्री उठला आणि म्हणाला, "मास्तर, तुमचं हात दावा की."

मी दाखवले. येडू, त्यांवर शाईच्या डागाखेरीज काही नव्हते. चारशे माणसे हसली.

अशा वेळी शहाणा माणूस पाणी पितो. मी बोललो. शेडमध्ये एका डॉक्टरांची विलायती मोटार उभी होती. तिची चाके ॲल्युमिनियमची, पार काळवंडलेली. मी गरजलो, "ही चारही चाके मी माझ्या घरी, माझ्या हातांनी, दसऱ्यापर्यंत आरशासारखी करून आणीन! न आणल्यास या शहरात पुन्हा कुठल्याही स्टेजवर तोंड उघडणार नाही!" सिद्धनाथने फक्त हात दाखवा म्हटले होते. बाकीचे सगळे मी स्वतःहून दिले. डॉक्टर सभेला नव्हते. त्यांना दुसऱ्या दिवशी कळले, तोवर मोटार विटांवर चढली होती.

टायर काढलेली चारही चाके आता माझ्या ओसरीवर आहेत. वाचनालयात मी ॲल्युमिनियमवर तीन ग्रंथ वाचले. हा धातू कुठल्या मातीतून निघतो, तो काढणाऱ्या मजुरांची पिळवणूक कशी होते, हे सगळे कळले. तो घासायचा कसा, हे एकाही विद्वानाने लिहिलेले नाही. एवढे तू लिही, एका पानात. बोलणे गेले तर माझ्यापाशी राहते काय? पुस्तके आणि गुडघेदुखी.

तुझा,
हरिदास

---

कुर्डुवाडी,
२६ ऑगस्ट १९७८

दादा, रामराम.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मागनं चौघं वाचत व्हते ते मला नंतर कळलं. आता सगळं खातं इचारतंय, मास्तरचं चाक कुटवर आलं?

नीट ऐका. पैल्यांदा साबणाच्या पाण्यानं चाक धुवा. चिंच लावू नका, राख लावू नका, आन् धुण्याचा सोडा तर लांबच ठेवा. पितळेला जे चालतं ते ह्याला चालत न्हाय. सोड्यानं ॲल्युमिनियम तव्यावानी काळं पडतंय. मग वॉटर पेपर आणा. पाठीवर आकडा असतो. लहान आकडा खरखरीत, मोठा आकडा मऊ. पैलं एकशेवीस, मग दोनशेवीस, तीनशेवीस, चारशे, शेवटाला सहाशे. पेपर पाण्यात भिजवायचा, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळायचा. पैला पेपर उभा मारला तर दुसरा आडवा मारा. आदल्या पेपरची रेघ दिसायची बंद झाली की मगच फुडचा. मधला आकडा गाळायचा न्हाय. गाळला तर चाक चुगली करतं.

शेवटी पॉलिशची वडी आन् मऊ फडकं. आन् घासताना बोलू नका. तोंडात जातंय.

म्हणत असाल तर मी रजा काडून येतो. चार चाकं म्हंजे माजं दोन दिसाचं काम हाय.

वहिनीला रामराम.
येडू

---

सोलापूर,
४ सप्टेंबर १९७८

प्रिय येडू,

तू येऊ नकोस. मी स्वतःच्या हातांनी म्हणालो आहे. हात भाड्याने आणून श्रमाची प्रतिष्ठा वाढत नाही.

मात्र तुझ्या पद्धतीबद्दल मला गंभीर आक्षेप आहे. तू सांगितलेस म्हणून मी एकशेवीसचा पेपर घेतला आणि चाकावर जोर लावला. काळे चाक निदान अखंड होते; आता त्यावर मांजरांची कुस्ती झाल्यासारखे ओरखडे आहेत. ज्याला उजळवायचे त्यालाच आधी ओरबाडायचे, हे कुठले शास्त्र? मी तीस वर्षे याच विचाराविरुद्ध बोलत आलो. मी तिथल्या तिथे थांबलो, विचार केला आणि तुझा क्रम उलटा केला. चांगला वक्ता आधी हळुवार बोलतो, मग आवाज चढवत नेतो आणि शेवटी गर्जतो. त्याप्रमाणे मी सहाशेपासून आरंभ केला. सहाशेला चाक किंचित हसले. चारशेला हसू मावळले. पुढचे लिहवत नाही.

बोलू नका हा तुझा नियमही मला पाळता आला नाही. शेजारी जमले होते. त्यांना ॲल्युमिनियमचा इतिहास सांगणे माझे कर्तव्य होते. दोन दिवस माझी थुंकी राखाडी होती.

महादेवी उंबऱ्यात बसून तोंडाला पदर लावून पाहत असते. "चाक आंघोळीला बसलंय आणि तुम्ही कीर्तन करताय," असे म्हणते. तिला यातले कळत नाही. तिचे माहेर अक्कलकोटचे; तिकडची माणसे फटकळ. काल मी वाचनालयात गेलो असता तिने एक चाक अंगणात नेऊन ठेवले. ओसरी झाडायची होती म्हणाली.

डॉक्टर सायकलवरून रोगी पाहायला जातात. रस्त्यात भेटले की नाडी बघावी तसे माझे मनगट धरतात आणि विचारतात, "किती राहिलं?"

उत्तर लवकर पाठव.

हरिदास

---

कुर्डुवाडी,
८ सप्टेंबर १९७८

दादा, रामराम.

तुमचं पत्र आमच्या फोरमननं स्टुलावर उभं राहून वाचून दावलं. माफी करा, मी थांबवू शकलो न्हाय, मीबी हसत व्हतो.

दादा, ते ओरखडेच पायजेत! एकशेवीसनं जुना काळा थर आन् खड्डे सगळे एका पातळीला आणायचे. मग दोनशेवीसनं एकशेवीसचे ओरखडे काडायचे, तीनशेवीसनं दोनशेवीसचे. परतेक पेपर आदल्या पेपरची चूक निस्तरतो आन् आपली बारकी चूक मागं ठेवतो. शेवटाला चूक इतकी बारीक व्हते की डोळ्याला दिसत न्हाय. त्यालाच लोक चकाकी म्हणत्यात. तुमी तर चूक वाडवत नेली की!

पुन्ना एकशेवीसपासनं सुरू करा. एका चाकाला माज्यावानी माणसाला अर्दा दिस लागतो. तुमाला आट दिस धरू. अजून म्हैना हाय. दिसाला चार तास घासलं तर व्हतंय.

चार तास घासलं, म्हणतोय. चार तास सांगितलं न्हाय.

येडू

---

सोलापूर,
१४ सप्टेंबर

येडूभावजींस महादेवीचा नमस्कार.

हे पत्र तुमच्या दादांना कळू देऊ नका. माझं अक्षर पाचवीपर्यंतचं आहे, सांभाळून घ्या. आमचं बोलणंही निम्मं कानडी.

भावजी, ह्यांनी तीस वर्षं भाषणं केली म्हणून आमचा संसार झाला. संध्याकाळी हे सभेला जातात, तिथं ओरडतात, घरी येतात ते मऊ होऊन. मुकाट जेवतात. रविवारी सभा नसली की मला भाजीच्या टोपलीवरसुद्धा व्याख्यान ऐकावं लागतं. आता स्टेज कायमचं बंद झालं तर ते सगळं भाषण कुठं जाईल? दोन खोल्यांचं घर आहे. मी कुठं जाऊ?

म्हणून मी ठरवलंय. हे बारा वाजता जेवून वाचनालयात जातात ते पाचला येतात. तेवढ्या वेळात मी घासते. हे सकाळी थोडं करतात, म्हणजे तीन वेळा ठोकळा फिरवतात आणि मग कोणीतरी येतंच. पहिलं चाक तुमच्या पत्राप्रमाणे एकशेवीस, दोनशेवीस, तीनशेवीस झालंय. तुमचं पहिलं पत्र ह्यांच्या कोटाच्या खिशात असतं, त्यामुळं पुढचा आकडा चारशे का साडेचारशे ते आठवेना. आणि आतल्या बाजूला जिथं बोट जात नाही तिथं काय करायचं? मी भाकरी उलथायच्या उलथन्याला पेपर बांधून बघितला. बरं जमलं. पण नंतर भाकरीला चव वेगळी आली. ह्यांना वाटलं पीठ बदललं.

उत्तर शेजारच्या दाक्षायणीच्या नावानं पाठवा.

महादेवी

---

कुर्डुवाडी,
१८ सप्टेंबर

वहिनी, रामराम.

तुमचं पत्र मी कुणाला दावलं न्हाय. पाच वेळा वाचलं मातर.

चारशेच. मग सहाशे. उलथन्याची युगत मला तीस वर्सांत सुचली न्हाय. हितं आमी बोटाला पट्टी बांदून कातडी सोलून घेतो. उद्यापासनं मीबी उलथनं आणणार.

वडीसंगं घासायला यंतर पायजे, ते घरात कुटलं? तुमच्याकडं चादरीच्या कारखान्यातल्या चिंद्या मिळतात. त्याची घट्ट गुंडाळी करा आन् काय फिरतं असलं तर त्याला लावा.

दादांना सांगायचं का न्हाय ते तुमी बघा. मी माज्याकडनं गप्प.

येडू

---

सोलापूर,
२९ सप्टेंबर १९७८

प्रिय येडू,

आज मी तुला चाकाबद्दल लिहीत नसून एका शोधाबद्दल लिहीत आहे. शांतपणे बसून वाच.

दोन चाके पूर्ण झाली! आरशासारखी म्हणजे खरोखर आरशासारखी. पहिले चाक ओसरीवर टेकवून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचा धोंडीराम वस्तरा आणि वाटी घेऊन हजर. त्याच्या घरातला आरसा फुटला आहे. तिसऱ्या दिवशी चौघे आले. आता रोज सकाळी सात ते नऊ गल्लीतली आठ-दहा माणसे माझ्या चाकासमोर उकिडवी बसून दाढी करतात. आणि मी बोलतो. येडू, आयुष्यात प्रथमच असा श्रोतृवर्ग लाभला आहे की ज्याच्या गळ्याशी वस्तरा असल्यामुळे त्याला उलट बोलता येत नाही, मान हलवता येत नाही आणि अर्धी दाढी टाकून उठूनही जाता येत नाही. काल वेठबिगारीवर बोलताना धोंडीरामच्या हनुवटीतून रक्त आले. आवेश असा हवा!

आता शोध. मी सकाळी थोडेसेच घासतो. दुपारी वाचनालयात जातो. परत येऊन पाहावे तर चाक मी सोडले होते त्याहून उजळ! प्रथम मला माझ्या डोळ्यांची शंका आली. मग मी शाईने खूण करून पाहिले. सायंकाळी खूणच नाहीशी! सलग नऊ दिवस मी हे टिपून ठेवले आहे. निष्कर्ष अटळ आहे. श्रमाचा आरंभिक धक्का बसला की ॲल्युमिनियममध्ये एक अंतःप्रेरणा जागी होते आणि ते पुढे आपले आपण उजळत राहते. समाजाचेही असेच असते, हे मी तीस वर्षे सांगतो आहे. नेत्याने सकाळी हात लावून द्यावा, दुपारी इतिहास काम करतो. दसऱ्याच्या सभेत मी हा सिद्धांत मांडणार आहे.

तू जन्मभर दिवसाचे आठ तास घासत आलास. कधी चाक सोडून पाच तास वाचनालयात जाऊन पाहिलेस का?

महादेवीला मी हे समजावून सांगितले. ती पदर तोंडात कोंबून आत गेली. भारावली असावी. हल्ली ती थकलेली दिसते. शेजारच्या दाक्षायणीकडे सुताच्या कांड्या भरायचा रहाट आहे, तो दुपारी आमच्याकडे आणून दोघी काहीतरी फिरवत असतात. बायकांना उद्योग लागतो.

तुझा,
हरिदास

---

कुर्डुवाडी,
३ ऑक्टोबर १९७८

दादा, रामराम.

तुमचा सिद्धांत वाचला. फोरमन म्हणाला, खरं असंल तर आपल्या समद्यांची नोकरी जाईल, कुणाला बोलू नका.

मी शिकलेला न्हाय. पण एक इचारतो. वाचनालय दोन दिस बंद ठेवून दुपारचं घरी बसून बगितलंय का? शास्तर असंल तर तेबी टिपून ठेवायला पायजे. बसलात तर एकदम बसा, वर्दी देऊन नको.

यापरीस जास्त मी लिवू शकत न्हाय. शपत घातलेली हाय.

येडू

---

सोलापूर,
१२ ऑक्टोबर १९७८

येडू,

तुझी सूचना मी मानली नाही. चाकावर पहारा ठेवणे म्हणजे सिद्धांतावर अविश्वास, असे मला वाटले.

परवा खंडेनवमी होती. तुला माहीत आहे, मी पूजाअर्चा मानत नाही. पण महादेवी दरवर्षी पाटावर हत्यारे मांडते: विळी, अडकित्ता, शिवणाची कात्री. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचे नाही, त्याचे उपकार मानायचे. मी दरवर्षी त्यावर पंधरा मिनिटे बोलतो आणि मग पुरणपोळी खातो. परवाही बोलायला म्हणून आत गेलो.

विळीशेजारी सव्वीस वॉटर पेपर मांडले होते. गंधाक्षता लावून, आकड्यांच्या क्रमाने. एकशेवीस, दोनशेवीस, तीनशेवीस. सगळे झिजून मागचा पांढरा कागद दिसायला लागलेला. एक उलथने, त्याला पट्टी बांधलेली. चिंध्यांची काळी गुंडाळी. आणि पाटाच्या कडेला, वेगळे, माझे तीन पेपर. कोरे. त्यांच्या पाठीवरचे आकडेसुद्धा पुसले नव्हते.

मी म्हटले, "हे काय?"

ती म्हणाली, "हत्यारं आहेत. ज्यांनी काम केलं, त्यांना आजच्या दिवशी झाकून ठेवता येतं होय? लपवायचं लई मनात होतं. पण नाही जमलं."

"म्हणजे अंतःप्रेरणा..."

"बारा ते पाच," ती म्हणाली. "दाक्षायणीचा रहाट होता म्हणून वडीचं काम तरी झालं. ती फिरवायची, मी चाक धरायची."

"पण का?"

"तुम्ही रोज संध्याकाळी घरी बसू नये म्हणून."

येडू, माझ्या तीस वर्षांच्या भाषणांवर इतके नेमके परीक्षण कुणी केले नव्हते. मी त्या दिवशी पुरणपोळी खाल्ली नाही. नंतर खाल्ली.

चारही चाके तयार होती. मी गप्प राहिलो असतो तर जिंकलो असतो. महादेवी तेच म्हणत होती: "बोलू नका. तीस वर्षं बोललात, एकदा गप्प बसा, म्हणजे पुढं तीस वर्षं बोलता येईल." हिशेब बिनतोड होता. पण रात्री उठवून विचारले तरी मी ज्या गोष्टीवर भाषण देऊ शकतो तिच्यावरच खोटे बोलायचे, हे मला झेपेना.

काल सीमोल्लंघनाआधी गॅरेजच्या पटांगणात सभा. हातगाडीवरून चाके नेली. सिद्धनाथने प्रत्येक चाकात आपले तोंड पाहिले, मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "मास्तर, मानलं तुमाला. बोला आता."

मी स्टेजवर चढलो. एवढेच म्हणालो, "पहिल्या चाकाचा चतुर्थांश भाग मी उलट्या क्रमाने खराब केला. बाकीचे सगळे माझ्या बायकोने केले. मी हरलो." आणि खाली उतरलो. माझ्या आयुष्यातले सर्वांत लहान भाषण. टाळी एकही नाही. लोक पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. त्यांना माझी सवय आहे.

मग सिद्धनाथ महादेवीकडे वळला आणि त्याने विचारले, "ताई, आतल्या कडंला बोट जात न्हाय. तितं काय केलंत?" ती बसल्या जागेवरून म्हणाली, "उलथनं." मागून कुणी ओरडले, "ऐकू येत न्हाय! वर चडा!" ती वर चढली. येडू, ती एक तास वर होती. एकशेवीसने सुरुवात केली. कुणी उठले नाही. गॅरेजची पोरे वहीत आकडे उतरवून घेत होती. शेवटी मी तिचे आभार मानायला उठलो, तर सिद्धनाथ म्हणाला, "मास्तर, आभारबी भाषणच हाय. खाली बसा."

मी बसलो. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी माझा हात दाबला. त्यांना मोटार मिळाली होती.

हरिदास

---

सोलापूर,
६ नोव्हेंबर १९७८

येडूभावजींस महादेवीचा नमस्कार.

दिवाळीला तुम्ही आला नाहीत. चकल्या डब्यात ठेवल्यात.

तुमच्या दादांनी शब्द पाळलाय. बाहेर कुठंही बोलत नाहीत. मला जी भीती होती ती मात्र खरी ठरली नाही, कारण घरी ऐकायला मीच नसते. सिद्धनाथदादांनी आठवड्यातून तीन दिवस गॅरेजात बोलावलंय. मोहोळच्या एका बागायतदाराची मोटार आलीये, मोडनिंबहून एका व्यापाऱ्यानं जीपची चाकं पाठवलीत. ती लोखंडाची आहेत हे त्याला पटत नाही. दाक्षायणी रहाट घेऊन सोबत येते. तिथं पोरं मला इतकं विचारतात की घरी आले की मी मुकाट जेवते. ह्यांना आता कळतंय, मुकाट जेवणाऱ्यासमोर बसणं म्हणजे काय असतं ते.

गल्लीतल्या लोकांची दाढी बंद झाली म्हणून धोंडीराम आला होता. हे त्याला म्हणाले, "आरसा घे." एवढंच. धोंडीराम घाबरला, ह्यांना बरं नाही म्हणून डॉक्टरांना घेऊन आला.

पुढच्या रविवारी मला मोहोळला सभेत बोलायला बोलावलंय. हे कळल्यापासून तुमचे दादा टेबलाशी बसून आहेत. माझ्यासाठी भाषण लिहिलंय, चाळीस पानं. त्यात ग्रीस देश आहे, ज्वालामुखी आहे. वॉटर पेपर एकदाही नाही. दर दोन दिवसांनी आणखी पानं देतात आणि विचारतात, "उपयोग होतोय का?" मी म्हणते, "लई होतोय." खोटं नाही, भावजी. वडी लावून झाली की फडक्यानं कितीही पुसलं तरी शेवटी एक धुरकट थर राहतो, तो तुम्हालाही काढता येत नसेल. ह्यांचा कागद जुना आहे, मऊ, खूप वेळा खाडाखोड करून केसाळ झालेला. तो चुरगळून शेवटचा हात फिरवला की थर असा साफ जातो, की डोळे दिपतात, चाकाकडं बघवत नाही.

तुमच्यासाठी दहा पानं सोबत पाठवते आहे. वापरून बघा. ह्यांना सांगू नका, नाहीतर त्यावर बोलायला उठतील.

महादेवी